आडतीच्या लॉगिनला चावी बसवली, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

आजपासून या कामाचं लिहून ठेवतेय, कारण एकदा सोयाबीनची आवक सुरू झाली की दुकानात पाणी प्यायला वेळ नसतो आणि कधी काय केलं ते दिवाळीपर्यंत माझ्याही लक्षात राहणार नाही. झालं असं की गेल्या आठवड्यात आमच्या आडतीच्या मेलवरनं एका डाळमिलला मेल गेला, आमचं खातं बदललंय, तुरीचे पैसे आता या नवीन खात्यावर टाका. आम्ही तो मेल पाठवलाच नव्हता. मिलच्या मुनीमांना शंका आली, त्यांनी अण्णांना फोन लावला, "परराज्यात खातं कधी उघडलंत हो?" म्हणून विचारलं आणि दोन लाख चाळीस हजार वाचले. त्या माणसाचे उपकार आहेत आमच्यावर.

मेल उघडून बघितलं तर सेटिंगमध्ये एक नियम टाकून ठेवलेला, मिलचं नाव असलेला प्रत्येक मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जायचा. नियम काढला, सगळ्या डिव्हाइसवरनं लॉगआउट केलं, पासवर्ड बदलला, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन करून तक्रार नोंदवली. मग मुळात आत कसे आले ते शोधलं. आमच्या दुकानाच्या मुनीम काकांना "पेमेंटची पावती" असा मेल आला होता, लिंक दाबली, नेहमीसारखं लॉगिनचं पान उघडलं, पासवर्ड टाकला, मोबाईलवर ओटीपी आला, तोही टाकला. म्हणजे ओटीपी चालू होता तरी गेलं. हेच मला जास्त लागलं, कारण ओटीपी मीच मागच्या वर्षी चालू करून दिला होता आणि आता काळजी नाही असं काकांना सांगितलं होतं.

काका तीन दिवस झाले नीट जेवेनात. एकतीस वर्षं यार्डात काढलेला माणूस, दाणा दाताखाली धरून ओल बारा टक्के का चौदा ते सांगतात आणि मशीन लावलं की तेच निघतं. इंग्रजी पत्त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं त्यांना दिसलं नाही म्हणून कुणी त्यांना बोल लावू नये, अण्णांना मी तसं स्पष्ट सांगितलंय. ते पान बनवणाऱ्याने ते फसायसाठीच बनवलेलं असतं.

१८ ऑगस्ट

आधी समजून घेतलं. ओटीपी दोन प्रकारचे, एक एसएमएसने येणारा आणि एक ऑथेंटिकेटर अॅपमधला, जो दर ३० सेकंदाला बदलतो. अॅपवाल्याचं मानक २०११ चं आहे, त्या दस्तऐवजाचं नाव आरएफसी ६२३८. अॅप आणि सर्व्हर दोघांकडं एकच गुपित असतं, दोघं घड्याळ बघून त्यातनं सहा आकडे काढतात, जुळलं की आत. सिमची नक्कल करून एसएमएस पळवतात तसं अॅपवाल्यात होत नाही, तेवढा तो बरा. पण सहा आकडे शेवटी माणूस वाचून कुठंतरी टाईप करतो, आणि कुठं टाईप करतोय हे त्या आकड्यांना कळत नाही. खोट्या पानाच्या मागं बसलेला प्रोग्राम ते त्याच सेकंदाला खऱ्या साईटवर टाकतो. काकांच्या बाबतीत हेच झालं असणार.

मग काहीतरी हातात धरायची वस्तू पाहिजे असं ठरवलं. अण्णा म्हणले, "सीएकडं हाय की तसलं, रिटर्न भरताना लावतेत." ते डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन, ते वेगळं. त्यात आपल्या नावाचं सर्टिफिकेट असतं, कागदावर सही केल्यासारखी ती कायद्याने धरली जाते, मुदत संपली की नवीन घ्यावं लागतं. मला पाहिजे ते फक्त लॉगिनसाठी.

लगेच विकत घ्यायच्या आधी स्वतः एक करून बघायचं मनात आलंय. डिप्लोमाला असताना अर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डवर, काम केलंय, हात अजून बसलेला आहे.

२४ ऑगस्ट

प्रो मायक्रो बोर्ड आला, अर्डुइनोसारखाच पण लहान. यात एटीमेगा ३२यू४ चिप असते, ३२ केबी फ्लॅश, आणि मुख्य म्हणजे ती स्वतःच यूएसबी कीबोर्ड म्हणून कॉम्प्युटरला ओळख देते, ड्रायव्हर वगैरे काही टाकावं लागत नाही. कल्पना साधी, अर्धा पासवर्ड डोक्यात आणि अर्धा डबीत. काकांनी आपला नेहमीचा आठ अक्षरांचा टाकायचा, मग बटन दाबायचं, डबी पुढची २८ अक्षरं टाईप करते. कॉम्प्युटरला तो एकच लांबलचक पासवर्ड वाटतो. कुणी काकांच्या मागं उभं राहून बघितलं तरी अर्धाच कळणार, डबी कुणी उचलून नेली तरी अर्धाच.

लातूरच्या गंजगोलाईतनं बटन आणि एक छोटी प्लॅस्टिकची डबी आणली. बटनाची एक वायर पिन दोनला, दुसरी ग्राउंडला, आतला पुलअप चालू केला, म्हणजे वेगळा रेझिस्टर लागत नाही. पहिल्यांदा एकदा दाबलं की दोनदा टाईप व्हायचं, बटनाचा पत्रा आत थरथरतो म्हणून, तर दाबल्यावर ५० मिलीसेकंद थांबून परत तपासायचं असं लिहिलं, मग नीट झालं. दुसरी अडचण अशी की लॉगिनच्या स्क्रीनवर अक्षरं गळायची, २८ पाठवली की २६ पोहोचायची. प्रत्येक अक्षरामागं ३० मिलीसेकंद थांबा दिला. आता पूर्ण टाईप व्हायला एक सेकंद जातो, चालतंय.

पुढच्या दुकानातल्या विंडोजला आणि टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रामला, ही डबी लावायची. दोन्हीला पासवर्ड टाईप करायचीच सोय आहे, म्हणून तिथं हीच बरी.

२७ ऑगस्ट

घरी दहा वेळा चालली, दुकानात काकांच्या कॉम्प्युटरवर एकदाही नाही. पासवर्ड चुकीचा, पासवर्ड चुकीचा. काका बाजूला उभे, मला म्हणले, "ताई, मी कायी चुकायलालो का?" मला वाईट वाटलं, कारण ते काहीच चुकत नव्हते.

पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात त्यामुळं काय चाललंय तेच कळेना. जुन्या पासवर्डने आत जाऊन नोटपॅड उघडलं आणि बटन दाबलं. स्क्रीनवर चक्क मराठी! के, सी, एल असं पाहिजे तिथं क, म, त. काका इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी कळांच्या मांडणीवर, टाईप करतात आणि आदल्या दिवशीचा कीबोर्ड मराठीच राहिलेला. डबी अक्षर पाठवत नाही, ती फक्त "या जागेची कळ दाबली" एवढंच सांगते, त्या जागेवर कोणतं अक्षर हे कॉम्प्युटर ठरवतो. डबीला समोरचा कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे हे कळायचा मार्गच नाही.

शोधताना कळलं की युबिकी नावाची लॉगिनची चावी बनवणाऱ्यांनी या अडचणीचा विचार आधीच करून ठेवलाय. त्यांची चावी ओटीपी टाईप करते तेव्हा सोळाच अक्षरं वापरते, युरोपातल्या बहुतेक कीबोर्डवर जी एकाच जागी असतात अशी निवडून काढलेली, त्याला मॉडहेक्स म्हणतात. चांगली युक्ती, पण देवनागरीपुढं तीही चालत नाही. त्या ओटीपीची सुरुवात बहुतेक वेळा सहा वेळा सी अशी होते, इन्स्क्रिप्ट चालू असेल तर तिथं मममममम उमटणार.

उपाय सरळ केला. लॉगिनच्या स्क्रीनवर फक्त इंग्रजी कीबोर्ड ठेवला, मराठी आत गेल्यावर. टॅली उघडताना खाली उजव्या कोपऱ्यात बघायची सवय काकांना लावली, तिथं ईएनजी दिसलं की मगच बटन.

आणखी एक काम राहिलेलं ते केलं. साधा बोर्ड कुणाच्या हाती लागला तर यूएसबीतनं आतला प्रोग्राम वाचून काढता येतो, त्यात २८ अक्षरं जशीच्या तशी. म्हणून जुना अर्डुइनो उनो बोर्ड प्रोग्रामर म्हणून जोडला, बूटलोडर (यूएसबीतनं प्रोग्राम भरून घेणारा छोटा प्रोग्राम) काढून टाकला आणि वाचणं बंद करणारे लॉक बिट्स लावले. आता वाचता येत नाही, बदलायचं असेल तर सगळं पुसून परत भरावं लागेल. पक्क्या तयारीचा माणूस चिप उघडून काय करेल ते वेगळं, पण यार्डात पडलेली डबी उचलणाऱ्यासाठी एवढं पुरे.

२ सप्टेंबर

पोळा. काल रात्रीपासून पावसानं झोडपलंय, परभणी हिंगोलीकडं तर फारच वाईट बातम्या येतायत, शेतात पाणी उभं आहे. दुकान बंद, लाईट येते जाते. बसल्या बसल्या एकच गोष्ट डोक्यात फिरतेय.

डबी छान झाली, पण ज्याच्यामुळं हे सगळं सुरू झालं ते तिने थांबलं असतं का? नसतं. काकांनी खोट्या पानावर आठ अक्षरं टाकली असती, बटन दाबलं असतं, डबीने बाकीची २८ इमानदारीत तिथंच टाईप केली असती. डबीला समोर काय आहे ते दिसत नाही. म्हणजे लांब पासवर्ड दिला पण चोराला तो तसाच लांबच्या लांब मिळाला असता.

मेलसाठी फिडोची चावीच पाहिजे, म्हणजे फिडो या मानकाप्रमाणे चालणारी यूएसबीची लॉगिनची चावी. तिचं काम असं चालतं. साईटवर चावी नोंदवताना चावी आतल्या आत त्या साईटपुरती एक नवीन जोडी तयार करते, एक गुप्त, एक जाहीर. जाहीर साईटला देते, गुप्त कधीच बाहेर येत नाही. पुढं लॉगिन करताना साईट एक नवीन आकडा पाठवते, ब्राउजर त्याला पानाचा खरा पत्ता जोडतो, आपण चावीला बोट लावतो आणि चावी त्या सगळ्यावर सही करून देते. पत्ता ब्राउजर स्वतः बघतो, माणसाने वाचायची गरज नाही. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी त्या पत्त्यासाठी चावीकडं जोडीच नसते, मग सही कशावर करणार? आणि टाईप करायला आकडेच नाहीत, त्यामुळं चुकून कुणाला देऊन टाकायची गोष्टच उरत नाही.

काकांना नेमकं हेच पाहिजे होतं. पत्त्याची पट्टी नीट बघा, अक्षर अन अक्षर तपासा, हे भर सीझनमध्ये तिनशे कट्टे उतरत असताना, कानाला फोन, हातात शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीचं पुस्तक असताना कोण करणार आहे, मी तरी करते का.

हे प्रकरण नवीन नाही. पहिलं मानक यूटूएफ २०१४ चं, ब्राउजरमधलं वेबऑथन २०१९ च्या मार्चमध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने पक्कं केलं. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या सगळ्या कामगारांना चाव्या सक्तीच्या केल्या आणि २०१८ मध्ये सांगितलं की ८५ हजारांहून जास्त माणसांत तेव्हापासून एकाचंही कामाचं खातं असं फसवून गेलं नाही. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीत २०२२ ला खोट्या एसएमएसने तीन जणांनी पासवर्ड देऊनही टाकला होता, तरी चावीमुळं चोर आत येऊ शकला नाही. तिथले लोक रात्रंदिवस कॉम्प्युटरमध्ये असतात, तेही फसले. हे मी काकांना मुद्दाम सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी बैलाला पुरणपोळी भरवायला आमच्याबरोबर शेतावर आले, इतक्या दिवसांनी.

तीन चाव्या मागवल्या. एक काकांना, एक मला, एक राखीव. अण्णांना तिसरी कशाला असं वाटलं, त्यांना म्हणलं दुकानाच्या शटरलाही आपण एकच किल्ली ठेवत नाही.

९ सप्टेंबर

चाव्या आल्या. बोट लावायच्या जागी नखाएवढं पितळी रंगाचं वर्तुळ, वजन म्हणाल तर काहीच नाही. तिन्हीला आधी पिन टाकला. तीनदा ओळीनं पिन चुकला की काढून परत लावावी लागते आणि एकूण आठ वेळा चुकला की चावी बंद पडते, मग पुसून नव्याने सगळीकडं नोंदवायची. काकांचा पिन त्यांनी स्वतः ठरवला, मी तोंड फिरवून उभी राहिले.

मेलला तिन्ही नोंदवल्या. मग सगळ्यात महत्त्वाचं, एसएमएसचा पर्याय काढून टाकला. चावी लावली आणि एसएमएस तसाच ठेवला तर चोर "दुसरा मार्ग निवडा" दाबून एसएमएसवरच येणार, मग चावीला अर्थ राहत नाही. बॅकअप कोड दहा मिळाले, प्रिंट काढून तिजोरीत खतावणीच्या आत ठेवले, फोनमध्ये फोटो काढायचा नाही हे अण्णांना दोनदा सांगितलं.

अण्णांच्या फोनला एनएफसी नाही, त्यामुळं नुसती टेकवून चालत नाही, छोटं सी-टाईपचं कनेक्टर आणलं, त्यातनं लागते.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्या. काम नाही.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन आणि यंदा अनंत चतुर्दशी पण आजच. सकाळी झेंडावंदन, दुपारनंतर मिरवणुकीचा आवाज, दुकानात मी एकटी. मागच्या खोलीतल्या लिनक्स मिंटच्या कॉम्प्युटरवर पट्ट्यांचे स्कॅन आणि टॅलीचा बॅकअप असतो, त्याला चावी लावायला घेतली.

लिनक्समध्ये लॉगिन तपासायचं काम पॅम करतं, त्याला चावी ओळखता यावी म्हणून लिबपॅम-यूटूएफ नावाचं पॅकेज टाकलं. पॅम-यूटूएफ-सीएफजी ही कमांड चालवून चावीला बोट लावलं की एक लांब ओळ मिळते, ती युजरच्या नावासकट फाईलमध्ये ठेवायची. दुसरी चावी त्याच ओळीत पुढं अपूर्णविराम देऊन जोडायची, खाली नवीन ओळ करायची नाही, यात माझा अर्धा तास गेला. मग पॅमच्या फाईलमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या ओळीखाली चावीची ओळ. इथं एक शब्द फार महत्त्वाचा आहे. "सफिशियंट" लिहून ओळ वर टाकली तर नुसत्या चावीने दार उघडतं, पासवर्ड विचारतच नाही. मला दोन्ही पाहिजेत म्हणून "रिक्वायर्ड". "क्यू" असा पर्याय पण लिहिला, म्हणजे चावीला हात लावा असा मजकूर येतो, नाहीतर स्क्रीन नुसती थांबून राहते आणि माणूस हँग झालं समजून बंद करतो.

हे करताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, चालू ठेवलं होतं, नवीन टर्मिनलमध्ये सुडो (तेच अधिकार तेवढ्यापुरते मिळवायची कमांड) तपासून बघेपर्यंत ते बंद केलं नाही. फाईलच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, सुडो बंद पडलं, पण उघड्या टर्मिनलमुळं दोन मिनिटांत दुरुस्त झालं. ते नसतं तर पेनड्राइव्हवरनं बूट करत बसावं लागलं असतं. सुडो चाललं मग लॉगिनच्या स्क्रीनलाही लावलं.

१९ सप्टेंबर

सकाळी काकांचा फोन, मागचा कॉम्प्युटर आत घेईना. चूक माझीच, लॉगिनला "रिक्वायर्ड" लावलं ते सगळ्या युजरला लागू झालं आणि काकांच्या युजरची ओळ मी फाईलमध्ये टाकलीच नव्हती. ज्याची नोंद नाही त्याला पॅम सरळ नकार देतं. जाऊन त्यांची चावी नोंदवली. यापुढं कुणाचंही काही बदललं की त्या माणसाला समोर बसवून लॉगिन करून बघायचं, माझ्यावरनं चाललं म्हणून झालं असं धरायचं नाही.

२८ सप्टेंबर

आज काकांसाठी एक पान बनवलं. माझ्याच लॅपटॉपवर, लोकलहोस्टवर (इंटरनेटवर न टाकता), दिसायला मेलच्या लॉगिनसारखं, आणि त्या पानाला सांगितलं की गूगलच्या नावाने चावीची सही माग. काकांना म्हणलं, काका, आता मुद्दाम फसा. त्यांनी चष्मा लावला, चावी घातली, बटन दाबलं. चावीचा दिवा लुकलुकला पण नाही. ब्राउजरने वरच्या वर अडवलं, मी ब्राउजरचा कन्सोल (चुका दाखवायची खिडकी) उघडून लाल ओळ दाखवली, सिक्युरिटी एरर, पानाचा पत्ता आणि मागितलेलं नाव जुळत नाही. काका वाकून बघत राहिले. परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग खऱ्या मेलवर गेले, दिवा लुकलुकला, बोट लावलं, उघडलं.

"म्हणजे आपल्याला कळलं नाय तरी हिला कळायलंय," म्हणले. चावी त्यांनी गल्ल्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली.

त्यांना कुठं चालत नाही तेही सांगितलं. आधीच लॉगिन झालेल्या कॉम्प्युटरमध्ये कुणी नको तो प्रोग्राम टाकला तर तो आतला मेल वाचू शकतो, चावी दारापुरतीच. म्हणून अनोळखी फाईल उघडायची नाही हे आहेच. आणि आपल्या बँकेच्या साईटवर ही चावी घेत नाहीत, तिथं ओटीपीच, तिथं पत्ता हाताने टाईप करूनच जायचं, मेलमधल्या लिंकवरनं कधीच नाही. खातं बदलल्याचा मेल कुणाचाही आला तरी आधी जुन्या नंबरवर फोन, हे मोठ्या अक्षरात लिहून गल्ल्याच्या वर चिकटवलं.

१४ ऑक्टोबर

दसऱ्यापासून आवक जोरात. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि सौद्यात त्याच्या कितीतरी खाली, शेतकरी बिचारा वाळवून आणतो तरी ओल जास्त म्हणून भाव तुटतो. या गडबडीत काकांचं जुडगं हरवलं. सकाळी होतं, दुपारी कमरेला नाही.

घाबरायचं कारण नव्हतं. माझ्या चावीने मेलमध्ये जाऊन त्यांची चावी यादीतनं काढली, मिंटच्या फाईलमधनं ओळ काढली, राखीव चावी त्यांच्या हातात दिली. ती त्यांच्या युजरला अजून नव्हती, ती नोंद केली. पंधरा मिनिटं लागली, तेवढ्यात एक ट्रॉली खाली झाली. गल्ल्याचं कुलूप मात्र फोडावं लागलं.

संध्याकाळी हमालांनी चाळणीच्या वरच्या जाळीवर काहीतरी वाजतंय म्हणून मशीन बंद केलं, तर जुडगं. किल्ल्या, चावी, सगळं काडीकचऱ्यात. चावीच्या तोंडात भुसा भरलेला, ब्रशने झाडला, लावली, दिवा लागला. परत मेल आणि मिंट दोन्ही ठिकाणी नोंदवली. आता जुडग्याला लाल गोंडा लावलाय, आणि दुकानात असताना चावी गल्ल्यावरच्या खिळ्याला.

३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजनाला वहीपूजन झालं, परवा. आज भाऊबीज, अण्णा आत्याकडं उदगीरला चाललेत. राखीव चावी एकाच छपराखाली नको, दुकानात आग लागली, पाणी शिरलं तर तिन्ही जातील, म्हणून ती पाकिटात घालून, वर आजची तारीख टाकून अण्णांच्या हातात दिली, आत्याच्या कपाटात राहील. पिन पाकिटावर लिहिलेला नाही. गुढीपाडव्याला परत आणून लावून बघायची, चालते का.

मिलच्या मुनीमांचा काल फोन होता, त्यांच्याकडं दोन कॉम्प्युटर आहेत आणि ऑफिसचा मेल एकच. रविवारी त्यांच्याकडं जायचंय, काका पण येतो म्हणलेत, ते पान दाखवायला लॅपटॉप घे म्हणले.